माप

भालकी तालुक्यात, मांजरेच्या काठापासून कोसभर आत, एक माळवदाचं घर होतं. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, धाब्यात उजेडासाठी ठेवलेलं सवणं, आणि दारातून आत शिरलं की उजव्या हाताला ढाळज. घरात आई-वडील दोघंच राहायचे. एकुलता मुलगा पुण्याला संगणकाचं काम करायचा. वर्षातून दोनदा यायचा, एकदा दिवाळीला आणि एकदा येळवशीच्या सणाला.

2020 सालच्या मार्चमध्ये तो मधेच आला. पाठीवर एक पिशवी, पिशवीत लॅपटॉप. आई म्हणाली, "आता आलास तर आठ दिवस राहा." चौथ्या दिवशी, 24 तारखेच्या रात्री, देश बंद झाला. आठ दिवसांचे आठ महिने कधी झाले ते कुणालाच कळलं नाही.

ऑफिस बंद झालं, काम मात्र चालूच होतं. घरात रेंज जेमतेम यायची. मग मुलाने फोन फडक्यात बांधून सवण्याखाली दोरीने टांगला. पूर्वी तिथून फक्त ऊन आणि पावसाचे थेंब यायचे, आता त्याचं ऑफिसही तिथूनच उतरू लागलं. वडील आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवायचे.

सुरुवातीला तो बाजेवर बसायचा. बाजेची सुतळी सैल झालेली, मधोमध खड्डा पडायचा, आणि त्या खड्ड्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन तो सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बसून राहायचा. मग लोखंडी पेटी ओढून तिच्यावर लॅपटॉप ठेवून पाहिला. मग तुरीच्या पोत्यावर ठेवला. पोतं खचायचं आणि पडदा एका बाजूला कलायचा. दार उघडं ठेवलं की कोंबड्या आत यायच्या. एकदा मीटिंग चालू असताना एक कोंबडी पोत्यावर चढली. त्या दिवशी त्याचा साहेब लॉकडाऊन लागल्यापासून पहिल्यांदा हसला.

पावसाळ्यात मान दुखू लागली. पोळ्यापर्यंत उजवा खांदा धरला. गणपती उठेपर्यंत करंगळीत मुंग्या यायला लागल्या आणि भाकरीचा तुकडा मोडताना तो हात झटकू लागला.

रस्ते मोकळे झाल्यावर वडिलांनी त्याला बिदरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, गोळ्या दिल्या, आणि विचारलं, "बसता कसे?" मुलाने बसून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "माणसाचं डोकं पाच किलोच्या आसपास असतं. तुम्ही ते दिवसभर पुढे टांगून ठेवता. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटेल, बसणं मात्र बदला. आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडचं काहीतरी वीस सेकंद बघत जा. डोळ्यांनाही सुट्टी लागते."

मुलाने बसणं बदलायचं ठरवलं. आपल्या पिढीचा माणूस असं काही ठरवतो, तेव्हा आधी काहीतरी विकत घेतो. त्यानेही चौदा हजारांची खुर्ची मागवली. चाकांची, जाळीदार पाठीची, वरखाली होणारी. ती भालकीपर्यंत कुरियरने आली आणि तिथून जीपच्या टपावर बांधून गावात आली. गावातली पोरं दोन दिवस तिच्यावर गरगर फिरली.

टेबल घरातच होतं. ते आजोबांचं मेज. आजोबा निजामाच्या काळात दप्तरात मुन्शी होते, हिशेब उर्दूत लिहायचे आणि अभंग मराठीत म्हणायचे. 1956 साली बिदर जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या धामधुमीत जुन्या कचेरीतलं काही सामान लिलावात निघालं आणि आजोबांनी हे सागवानी मेज बैलगाडीत घालून आणलं. तेव्हापासून ते माजघरात होतं आणि त्याच्यावर अंथरुणं रचलेली असायची.

अंथरुणं खाली आली, मेज पुसलं गेलं, खुर्ची लागली. मुलगा ऐटीत बसला आणि आठ दिवसांत पुन्हा कण्हू लागला. आता मानेबरोबर पायही दुखत होते.

"चौदा हजार पाण्यात," वडील म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "सुतारमामाला बोलावू."

सुतार सत्तरीचा होता. कधीकाळी पंचक्रोशीतल्या तिफणी, कुळव आणि बैलगाड्या त्याच्या हातच्या असायच्या. ट्रॅक्टर आले तसं ते काम गेलं. आता कुणाचं दार घासायचं, कुणाची बाज ठोकायची, एवढ्यावर तो उरला होता. त्याच्या पडवीत खुंटीला अजूनही सुतळ्यांचा एक जुडगा लोंबत होता. प्रत्येक सुतळीला दोन गाठी. एकेक सुतळी एकेका शेतकऱ्याची. नवं रुमणं करायचं झालं की तो आधी माणसाला उभं करायचा, हात सैल सोडायला लावायचा आणि जमिनीपासून मनगटापर्यंत सुतळी धरून गाठ मारायचा. उंच माणसाचं रुमणं बुटक्याच्या हाती दिलं तर संध्याकाळपर्यंत खांदे जातात, आणि बुटक्याचं उंचाला दिलं तर कंबर. त्यातले कितीतरी शेतकरी आता नव्हते. सुतळ्या होत्या.

तो आला तेव्हा मुलगा मेजाशी वाकून काम करत होता. सुतार दारातच उभा राहिला.

"काय करूलालास रं?"

"काम करतोय मामा. हे मेज उंच आहे. चार बोटं पाय कापून द्या."

"बघू," सुतार म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याने अवजारांची पिशवी उघडलीच नाही. चहा आला, तो प्याला. मग आणखी अर्धा तास नुसता बघत राहिला. मुलाला चुटपुट लागली. कामाला बोलावलेला माणूस काम सोडून आपल्याला बघतोय, हे काही बरं वाटत नव्हतं.

"मामा, मेजाचं माप घ्या ना."

"मेज कुठं पळूलालंय? त्याचं माप साठ वर्षांपासून तेच हाय. तुझं घेतो. बस जरा, जसा बसतोस तसा."

त्याने खिशातून सुतळी काढली. टाचेपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत एक गाठ मारली. बसल्या जागेपासून कोपरापर्यंत दुसरी. डोळ्यांपासून मेजापर्यंत तिसरी. मग मांडीखाली, खुर्चीच्या पुढच्या कडेशी, बोटं घालून पाहिली. बोटं आत जाईनात.

"हे बघ. मेज उंच मनून तू खुर्ची वर केलास. आता पाय लोंबूलालेत. सगळा भार मांडीवर येतो, मग पायाला मुंग्या येणार न्हाई तर काय?"

"म्हणूनच म्हणतो, मेज कापा."

"तुझ्या आज्याचं सागवान हाय. मी न्हाई कापायचा." सुतार उठला. "आणि मेज कापलं तरी मानेचं काय? ह्या डब्यात डोळ्याचं काम आणि हाताचं काम एकाच बिजागरीला बांधलंय. डोळ्यासाठी वर धरलं तर हात लटकणार, हातासाठी खाली ठेवलं तर मान लटकणार. हे करणाऱ्यानं माणूस बघितलाच न्हाई."

मुलगा काही बोलला नाही. हीच गोष्ट त्याने कंपनीच्या एका लांबलचक पत्रकात वाचली होती. पत्रकात आकृत्या होत्या, अंशांचे कोन होते. त्याने ते वाचून बंद केलं होतं.

सुतार स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "सूनबाई, डाळ असंल तर पाच किलो आणा बरं एका पिशवीत."

आईने तुरीची डाळ आणली. सुताराने पिशवी मुलाच्या हातात दिली. "छातीशी धर." मुलाने धरली. "जड हाय का?" नव्हती. "आता हात लांब कर. समोर. तसाच ऱ्हा." मुलाने हात लांब केला. मिनिटभरात खांदा थरथरू लागला, तोंड लाल झालं.

"डाळ वाढली का रं?"

"नाही."

"डॉक्टरनं सांगितलं तेच हे. डोकं तेवढंच असतंय. ते धडावर ठेवलं तर हलकं, पुढं काढलं तर जड."

मग तो पुन्हा भिंतीला टेकला आणि एक जुनी गोष्ट सांगू लागला. तरुणपणी तो बिदरला बिदरीच्या एका कारागिराकडे पाट आणि खुंट्या करून द्यायला जायचा. तिथे जस्तात थोडंसं तांबं मिसळून भांडी ओतत, नक्षी कोरत, कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकत आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर कालवून त्यात भांडं बुडवत, की जस्त काळंभोर आणि चांदी पांढरी राहायची. "मी त्या म्हाताऱ्याकडं तासन् तास बघत बसायचो," सुतार म्हणाला. "सुरई गोल, नक्षी चौबाजूनं. मला वाटायचं, हा आता वाकंल, आता वळंल. पण गडी जाग्यावर. भांडं फिरायचं. खिडकी डाव्या अंगाला, उजेड तारेवर. अन् घडीभरानं छिन्नी खाली ठेवून उठायचा, दारात जाऊन रस्ता बघून यायचा. मी इचारलं, चाचा, सारखं उठता कशाला? तर मनला, तार बारीक हाय, डोळा मोठा करून आणतो."

मुलगा हसला. बिदरीवर 2006 साली जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, मोहोर उमटली आणि पुढे 2023 साली शाह रशीद अहमद कादरी या बिदरच्या कारागिराला पद्मश्री मिळाली, तेव्हा जग त्या भांड्यांकडे पाहत होतं. सुतार आयुष्यभर भांड्यापेक्षा बसणाऱ्याकडे पाहत आला होता.

दुपारनंतर सुतार कामाला लागला. मेज खिडकीला पाठ करून होतं, त्यामुळे दुपारचं ऊन पडद्यावर पडायचं आणि मुलगा डोळे बारीक करून पुढे सरकायचा. दोघांनी मिळून मेज फिरवलं. खिडकी डाव्या हाताला आली. खिडकीतून तूर दिसत होती, पिवळ्या फुलांवर आलेली. वीस फुटांच्या कितीतरी पलीकडे.

मग त्याने लिंबाच्या दोन फळ्या रंध्याने साफ केल्या आणि एक छोटी घडवंची केली, सव्वा वीत उंच. तिच्यावर लॅपटॉप ठेवला तेव्हा पडद्याची वरची कड मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आली. हातांसाठी वेगळा कीबोर्ड आणि माऊस लागणार होता. वडील गाडी काढून भालकीला गेले आणि दिवेलागणीला साडेसातशे रुपयांत दोन्ही घेऊन आले. कीबोर्ड मेजावर, कोपराच्या पातळीत. खुर्चीची पाठ कमरेच्या खळग्याला जरा सैल होती, तिथे आईने जुन्या लुगड्याची घडी करून बांधली.

राहता राहिले पाय. ते अजून चार बोटं लोंबत होते.

"पायाखाली कायतरी पायजे," म्हणत सुतार घरभर फिरला. पाट ठेवून पाहिला, तो बसका होता. वीट ठेवून पाहिली, ती अरुंद होती. फिरत फिरत तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यापाशी त्याला हवं ते सापडलं. शहाबादी फरशीचे तीन तुकडे, एकावर एक, नीट रचलेले. बरोबर चार बोटं.

"हे बघा, काम झालं," म्हणून त्याने वरची फरशी उचलली.

"मामा, ते राहू द्या," आई म्हणाली. आवाज हळूच होता, पण हात पुढे आला होता. "ते माझे हायत."

सुताराने फरशी होती तशी ठेवली. मग तो पुन्हा खाली बसला, सकाळी मुलाकडे पाहत बसला होता तसाच, आणि आईकडे पाहू लागला.

संध्याकाळच्या भाकरीची वेळ होती. आई फरश्यांवर चढली, काटवटीत पीठ घेतलं आणि भाकर थापू लागली. कोपर वाकलेलं, खांदे खाली, तळव्यावर वरून भार. भाकर फिरत होती, आई जागची हलत नव्हती. मग तवा बघायला दोन पावलं डावीकडे गेली, तेव्हा फरशीवरून उतरली आणि टाचा उंचावून तव्यावर वाकली. परत चढली. मग पाण्यासाठी उजवीकडे, पुन्हा उतरली. मुलगा दारात उभा होता. सातआठ भाकरींत ती किती वेळा चढली-उतरली ते त्याने मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे सोडून दिलं.

"ह्या फरश्या कधी ठेवल्यात सूनबाई?"

"वटा बांधला तवाच. वीस वर्सं झाली असतील. गवंड्यानं त्याच्या अंदाजानं बांधला. मला उंच पडायचा, रात्री दंडाला झोप येऊ देत न्हवता. शहाबादहून फरशी आणली हुती माजघराला, त्यातले तुकडे उरलेले. एक ठेवला, कमी पडला. दुसरा ठेवला. तिसऱ्याला बरं वाटलं."

"कुणाला सांगितलं न्हाई?"

"सांगायचं काय त्यात," आई म्हणाली आणि भाकर उलटली.

सुतार मुलाकडे वळला. "तू मला बोलावलास. माप घेणारं माणूस तुझ्या घरात हुतंच की." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "बसवकल्याण इथनं जवळ हाय. बसवण्णाची माणसं कामाला कायक मनतात. मोठा शब्द हाय. सगळे मनतात, कायक मंजे काम. पण त्या शब्दात आधी काया हाय."

त्या रात्री मुलाला लवकर झोप लागली नाही. गेले आठ महिने तो मित्रांना फोनवर सांगत होता की घरून काम करणं हे काहीतरी नवीनच आलंय, आणि त्याचे हाल लोकांना कळत नाहीत. त्याची मान दुखली तेव्हा डॉक्टर झाला, चौदा हजारांची खुर्ची झाली, सुतार झाला. त्याच छपराखाली कितीतरी वर्षं रोज पहाटे पाचला एक माणूस कामाला उभं राहत होतं. त्या माणसाचं माप कुणी घेतलं नव्हतं. त्याने ते स्वतःच घेतलं, उरलेल्या तुकड्यांनी भागवलं आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्या फरश्यांची मुलाला लहानपणापासून कितीतरी वेळा ठेच लागली होती. त्या तिथे कशासाठी आहेत, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

सकाळी तो सुताराच्या पडवीत जाऊन उभा राहिला.

"मामा, आईचं माप घ्यायचंय."

सुताराने खुंटीवरून नवी सुतळी काढली. आई लाजली, पदर सावरला, "माझं कसलं माप" म्हणाली, आणि मग भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिली. सुताराने जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली.

चार दिवसांनी लिंबाच्या जाड फळ्यांची एक लांब पायठण तयार झाली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गॅसपासून मोरीपर्यंत, सलग. उंची चार बोटं, एका सुताचाही फरक नाही. आई तिच्यावर चढली, तव्यापाशी गेली, मोरीपाशी गेली, परत आली. कुठेच उतरावं लागलं नाही. ती मुद्दाम आणखी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, आणि वडील हसताहेत हे दिसल्यावर थांबली.

सुताराने पैसे घेतले, सुतळी मात्र बरोबर नेली आणि खुंटीवरच्या जुडग्यात अडकवली. तिथली ती पहिली बाईची सुतळी होती.

आईने आणखी एक केलं. मुलाच्या मेजावर पाण्याची मोठी बाटली असायची, ती उचलून नेली. "तहान लागली तर ढाळजेत रांजण हाय," म्हणाली. त्यामुळे तो दर तासाला उठू लागला, रांजणापाशी उभ्याने पाणी पिऊ लागला, दारात जाऊन रस्ता बघून येऊ लागला. करंगळीतल्या मुंग्या दिवाळीनंतर कमी झाल्या. येळवशीला शेतात आंबील पिताना त्याने हात झटकला नाही, हे आईने पाहिलं.

पायठण बसली त्याच दिवशी त्या तीन फरश्या मोकळ्या झाल्या होत्या. आईने त्या ओल्या फडक्याने पुसल्या, एकेक करून माजघरात नेल्या आणि मुलाच्या मेजाखाली रचल्या. मुलगा खुर्चीत बसला, पाय खाली टेकवले. लोंबणारं चार बोटांचं अंतर भरून निघालं. वरच्या फरशीवर, मधोमध, घासून गुळगुळीत झालेल्या दोन जागा होत्या, टाचांच्या. त्याच्या पायांना त्या लहान पडत होत्या.